माघातील जाळरेषा आणि शेजारचा शेतकरी

संक्रांत होऊन गेली, की डोंगरउतारावरील गवताचा रंग पालटू लागतो. दिवाळीच्या सुमारास हिरवे असलेले गवत पौषात पिवळे पडते, माघ सरता सरता ते कडकडीत वाळते, आणि साग, ऐन, धावडा ह्यांच्या पानगळीने रानाची भुई झाकून जाते. शेतकऱ्यास हा काळ रब्बीच्या काढणीचा. हरभरा उपटावयाचा असतो, गहू पिकत आलेला असतो, ऊस कारखान्यास जात असतो. त्यामुळे त्याचे सारे लक्ष शेतात गुंतलेले असते. ह्याच पाचसहा आठवड्यांत रानाच्या हद्दीवर एक काम चाललेले असते, आणि पुढील चार महिन्यांत रानाचे व रानालगतच्या शेताचे बरेवाईट पुष्कळ अंशी त्या कामावर अवलंबून राहते. ते काम म्हणजे जाळरेषा काढणे. ज्यांच्या जमिनी रानास लागून आहेत अशा शेतकऱ्यांस वनरक्षकाचे हे काम कसे चालते, ते माघातच का उरकावे लागते व त्यात आपल्या वाट्यास काय येते, हे नीट कळावे, एवढ्याकरिता हा लेख आहे.

रानाची प्रत्यक्ष राखण ज्याच्याकडे असते, त्यास कागदोपत्री वनरक्षक म्हणतात. खेड्यात तो गार्ड ह्याच नावाने ओळखला जातो. त्याच्याकडील क्षेत्रास नियतक्षेत्र किंवा बीट म्हणतात. काही बिटे मिळून वनपालाचे परिमंडळ होते व अशा परिमंडळांवर वनक्षेत्रपाल, म्हणजे रेंजर, असतो. कित्येक बिटे पाचशे ते हजार हेक्टरांची असून काही त्याहून मोठी आहेत. हजार हेक्टर म्हणजे सुमारे अडीच हजार एकर रान, तेही डोंगरदऱ्यांचे, एका माणसाने पायी राखावयाचे आणि उन्हाळ्यापुरते दोनचार हंगामी अग्निरक्षक मदतीस घ्यावयाचे, अशी ही व्यवस्था आहे. अशा स्थितीत वणवा लागल्यावर धावत जाऊन तो विझविणे हे एकट्या गार्डाच्या हातचे काम नव्हे, हे कोणासही समजेल. लागलेला वणवा दूरवर पसरू नये अशी तजवीज आधीच करून ठेवणे, हे मात्र त्याच्या हाती असते. महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरतात, आणि हंगाम लागण्यापूर्वी जाळरेषा तयार असाव्यात अशी अपेक्षा असते. ही तारीख बहुधा माघात येते.

जाळरेषा म्हणजे रानाच्या हद्दीवरून, रस्त्यांच्या कडेने व रानातील ठरलेल्या ओळींनी मुद्दाम जाळून मोकळा केलेला पट्टा. वणव्याची धाव ह्या पट्ट्यापाशी येऊन थांबावी, कारण पुढे जळण्यास काही उरलेले नसते, इतका साधा हा हिशेब आहे. पट्ट्याची रुंदी जागेप्रमाणे कमीअधिक ठेवितात; सहा मीटर, बारा मीटर, उंच गवताच्या माळावर त्याहूनही अधिक. पण हा पट्टा जाळावयाचा कसा, ह्यातच खरे कौशल्य आहे. नुसती काडी ओढून टाकली तर तोच वणवा व्हावयाचा. म्हणून प्रथम पट्ट्याच्या दोन्ही कडांस हात दोन हात रुंदीच्या दोन अरुंद रेषा कोयत्याने व विळ्याने कापून, फावड्याने खरवडून, भुई दिसेतो साफ करितात. कापलेले गवत बाहेर न टाकता मधल्या पट्ट्यावरच पसरतात, म्हणजे तो पट्टा नंतर स्वच्छ जळतो. हे कापणीचे काम गवत अर्धेकच्चे असतानाच होते. पुढे गवत वाळले, की दोन्ही कडांवर हिरव्या डहाळ्यांची झोडपी घेऊन माणसे उभी करावयाची आणि मधला भाग थोडाथोडा पेटवीत पुढे जावयाचे. ज्या बाजूस वारा वाहतो त्या बाजूची कड आधी जाळून काळी करितात व मग उरलेल्या भागास वाऱ्याच्या उलट चालीने आग लावितात. उलट चालीची आग सावकाश सरकते, ज्वाला बुटक्या राहतात व माणसाच्या आटोक्यात असतात.

आता माघच का? कामास पौषाच्या आरंभी हात घातला, तर गवतात ओल असते. ते अर्धवट जळते, आणि असा काळापिवळा पट्टा वणव्यास अडवीत नाही. फाल्गुन उजाडला, तर पट्टा व त्याच्या दोन्ही अंगांचे रान सारखेच वाळलेले असते. त्या वेळी एक ठिणगी कडेबाहेर गेली, की जाळरेषा काढणाऱ्यानेच वणवा लाविला असे होते. मधल्या थोड्या दिवसांत उघड्यावरचे गवत वाळलेले असते, पण झाडांखालील भुईत अजून थोडा ओलावा असतो व रात्री दव पडते. हीच ती संधी. ज्या वर्षी पाऊस कार्तिकापर्यंत रेंगाळतो त्या वर्षी ती उशिरा येते आणि दुष्काळी वर्षी लवकर निघून जाते. तेव्हा नुसत्या तारखेवर विसंबून भागत नाही. मूठभर गवत चुरगळून त्याचा भुगा होतो की ते नुसते दुमडते, हे पाहूनच जाणता गार्ड दिवस ठरवितो.

दिवसातील वेळही तितकीच महत्त्वाची आहे. उन्हे चढल्यावर डोंगराचा उतार तापतो व हवा खालून वर वाहू लागते; रात्री थंड हवा वरून खाली उतरते. शिवाय चढावर आगीच्या ज्वाला पुढील गवताकडे झुकतात, त्यास आधीच तापवितात व वाळवितात. उतार दहा अंशांनी वाढला, की आगीचा वेग जवळजवळ दुपटीने वाढतो असा ठोकळ नियम आहे. दुपारी डोंगराच्या पायथ्याशी पेटलेली आग म्हणूनच माणसाच्या पायांस ऐकत नाही. संध्याकाळी वारा पडल्यावर, किंवा पहाटे दव असता, तीच आग खराट्याने झोडपता येते. जाळरेषेचे काम म्हणूनच दिवस मावळताना चालते. रात्री आठनऊ वाजता रानाच्या कडेस उजेड व माणसांची हाकाटी दिसली, तर ती चोरी नसून बहुधा हे काम असते.

पट्टा एकदा जळाला म्हणजे काम संपले, असे मात्र नाही, आणि येथेच पुष्कळांचा गैरसमज होतो. सागाची व इतर झाडांची पानगळ माघानंतरही चालूच असते. आज काळा केलेला पट्टा पंधरा दिवसांनी वाळल्या पानांनी पुन्हा भरून जातो, आणि सागाचे एक रुंद पान ज्वाला इकडून तिकडे नेण्यास पुरे होते. म्हणून हंगामभर रेषा झाडीत राहावे लागते. पूर्वी हे काम खराट्यानेच होई. अलीकडे पाने उडविणारी हवेची यंत्रे वनखात्याने कित्येक ठिकाणी दिली आहेत व त्यांनी काम पुष्कळ झटपट होते. ह्यासोबत वनरक्षकास ह्या दिवसांत पाणवठे साफ करणे, हद्दीचे बुरूज पाहणे व नव्या लागवडीस राखण घालणे हीही कामे असतात. त्यांपैकी पाणवठ्याचा शेतकऱ्याशी निकट संबंध आहे: रानातील पाणी टिकले नाही, तर रानडुकरे व त्यांच्या मागोमाग बिबट्या विहिरीच्या व उसाच्या आश्रयास येतात.

हल्ली वणव्याची खबर आकाशातूनही मिळते. डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांनी टिपलेल्या तप्त जागांची सूचना २००४ सालापासून देत आली आहे, व ती आता संदेशाच्या रूपाने थेट वनरक्षकाच्या भ्रमणध्वनीवर येते. जुन्या उपकरणाचा एक ठिपका सुमारे एक किलोमीटर चौरस जागेचा असे, नव्याचा सुमारे ३७५ मीटरांचा असतो. सोय मोठीच आहे. परंतु उपग्रह ठरलेल्या वेळीच माथ्यावरून जातो. दोन फेऱ्यांच्या मध्ये लागून विझलेली आग त्यास दिसत नाही, आणि लागलेली दिसली तरी संदेश पोचेतो काही काळ जातोच. बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्यास धूर त्याच्या आधी दिसतो.

वणवा लागतो तरी कसा? बांबूवर बांबू घासून आग पेटते, हा समज जुना आहे. परंतु आपल्याकडील बहुतेक सर्व वणवे माणसाच्या हातूनच लागतात, मग ते हेतुपुरस्सर असोत वा निष्काळजीपणाने. विदर्भात मोहाची फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळितात, कारण काळ्या भुईवर पिवळट फुले चटकन दिसतात. तेंदूला नवी कोवळी पालवी फुटावी म्हणूनही आग लावितात. सह्याद्रीच्या बाजूस पुढच्या पावसात गवत चांगले यावे म्हणून डोंगर पेटवितात. कोकणात व मावळात राब भाजताना ठिणगी उडते. देशावर ऊस गेल्यावर पाचट पेटवून देतात आणि ती आग बांध ओलांडून माळावर जाते. ह्यांपैकी शेवटच्या तीन गोष्टी तर आम्हा जमीनवाल्यांच्याच आहेत. वणव्याचा सारा दोष मोह वेचणाऱ्या गरिबाच्या माथी मारण्याची आपल्यात फार सवय आहे, म्हणून हे स्पष्ट लिहिणे भाग आहे.

गवत जाळल्याने गवत चांगले येते, ह्या समजुतीत थोडे तथ्य आहे व तेच माणसास फसविते. जळालेल्या माळावर हिरवे कोंब लवकर दिसतात, हे खरे. जुन्या काडीचे आच्छादन गेल्याने भुई लवकर तापते व मुळांत साठविलेल्या अन्नावर गवत फूट काढते. पण हे मुळाचे भांडवल असते. त्याच कोंबांवर गुरे सोडली म्हणजे भांडवल दोनदा खर्ची पडते, आणि वर्षानुवर्षे असे झाले, की पवना, मारवेल ही चांगली गवते मागे पडून कुसळी माजते. कुसळीचे बी आपल्या पिळदार कुसळाच्या योगाने ओलकोरड्या हवेत फिरत फिरत जमिनीत शिरते व वरून आग गेली तरी ते वाचते. जो माळ दरसाल जळतो तो कुसळीचा होतो, आणि कुसळ आल्यावर ते गवत गुरांच्या तोंडास व मेंढ्यांच्या लोकरीस काय करिते, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. राहिली राख. राखेत पालाश व चुना राहतो, परंतु नत्र धुरावाटे निघून जाते. आणि डोंगरावरील राख पहिल्याच वळिवात ओढ्यास मिळते.

राबाची गोष्ट निराळी आहे, व तिच्याविषयी घाईने मत देणे योग्य नव्हे. १९१२ साली डॉ. हॅरोल्ड मॅन, जोशी व कानिटकर ह्यांनी पश्चिम हिंदुस्थानातील भातशेतीच्या राबपद्धतीवर आपला अभ्यास प्रसिद्ध केला. राबाचा गुण केवळ राखेत नसून जमीन तापण्यातही आहे, हा त्यातील मुख्य मुद्दा आहे. भाजणीच्या तुकड्यावर शेण, पाला, फांद्या ह्यांचा थर घालून वर माती टाकितात व आग मंद राहते, म्हणून उष्णता खाली मुरते, तणाचे बी मरते व रोप जोमदार येते. डोंगरावरील गवताची आग काही क्षणांत पुढे निघून जाते. दोन बोटे खाली तिची ऊब क्वचितच पोचते. तेव्हा राबाने रोप सुधारते म्हणून डोंगर जाळल्याने माळ सुधारेल, हे अनुमान चुकीचे आहे. राब ज्यास भाजावयाचा आहे त्याने तो रोपवाटिकेच्या तुकड्यापुरता भाजावा. मात्र भोवती दोन हात भुई खरवडून, संध्याकाळच्या वेळी, पाण्याची घागर जवळ ठेवून व गार्डास आदल्या दिवशी कळवून.

वणव्याने शेतकऱ्याचे नुकसान कोणते होते, ह्याचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाही. आंब्याची व काजूची कलमे जळाली, गवताची गंज गेली, तर ते नुकसान डोळ्यांस दिसते. न दिसणारे नुकसान त्याहून मोठे आहे. जळालेल्या उतारावर पालापाचोळ्याचे पांघरूण राहत नाही. पहिल्या पावसाचे टपोरे थेंब उघड्या भुईवर आपटतात, मातीची छिद्रे बुजतात, पाणी मुरण्याऐवजी वाहू लागते आणि गाळ खाली आपल्या ताली, विहिरी व तलाव ह्यांत येऊन बसतो. डोंगरात जे पाणी मुरावयाचे ते न मुरल्याने पायथ्याचे झरे लवकर आटतात. रानात गवतावर अंडी घालणारे तित्तर व लावे जळतात. हे पक्षी पिकांवरील किडी खातात, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

कायद्याची बाजूही माहीत असावी. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या २६ व्या कलमाने राखीव वनास आग लावणे, किंवा वनास धोका पोचेल अशा रीतीने आग पेटती ठेवणे, हा गुन्हा ठरविला आहे. त्याच कलमान्वये, आग हेतुपुरस्सर किंवा घोर निष्काळजीपणाने लागली असे दिसल्यास, त्या भागातील चराईचे व वनोपजाचे हक्क काही काळ तहकूब करण्याचा अधिकार शासनास आहे. एकाच्या काडीने साऱ्या गावाची चराई बंद होऊ शकते, असा ह्याचा अर्थ आहे. ७९ व्या कलमाप्रमाणे वनात हक्क उपभोगणाऱ्यांवर वणव्याची खबर देण्याचे व तो विझविण्यास साह्य करण्याचे बंधन आहे. परंतु गार्ड आणि शेतकरी ह्यांचा संबंध कलमांवरच चालला तर काम व्हावयाचे नाही, असे आमचे मत आहे.

मग शेतकऱ्याने काय करावे? गार्डाची जाळरेषा हद्दीच्या रानाकडील अंगास असते. तिच्या जोडीस शेताकडील अंगास आपली एक रेषा असली, म्हणजे दोन्ही मिळून पट्टा दुप्पट होतो. त्यासाठी जाळण्याचीही गरज नाही. हरभरा निघाला, की रानाकडील बांधालगत दहाबारा हात रुंदीचा पट्टा नांगराने किंवा वखराने दोनदा पालथा करावा. बैलजोडी असो वा ट्रॅक्टर, पाचपन्नास एकरांच्या धन्यासही हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. खडकाळ बांधावर औत चालत नाही तेथे गवत कापून आणावे. तीच वैरण होते. गवताची गंज व कडब्याची बुचाडे हद्दीपासून दूर, घराच्या बाजूस रचावीत. आंबा-काजूच्या बागेत झाडाभोवतीचे गवत काढून बागेभोवतीही एक उघडा पट्टा ठेवावा. झाडाच्या आळ्यात आच्छादन घालावयाचे तर ते बुंध्यापासून हातभर दूर असावे. उसाच्या पाचटाविषयी तर आता वादच उरू नये. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते; ते सरीत पसरून ठेविले व त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट व कुजविणारे जिवाणू टाकिले, तर खोडव्यास खत होते व पाण्याची पाळी लांबते. ते पेटविणारा आपलेच खत जाळितो आणि शेजाऱ्याचा माळही.

गावाने मिळून काय होऊ शकते, ह्याचे एक उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यात आहे. पाचगाव ह्या छोट्या गावास २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाला. तेंदूपानांसाठी फांद्या छाटतात व आगी लावितात, हे पाहून तेथील ग्रामसभेने तेंदूची तोड सोडून दिली आणि बांबूच्या उत्पन्नावर भर दिला. रोख पैसा देणारे पीक आपण होऊन सोडणे सोपे नसते. प्रत्येक गावाने तसेच करावे असे आम्ही म्हणत नाही. मोहाच्या बाबतीत पाला जाळण्याऐवजी झाडून काढणे, किंवा झाडाखाली जुनी साडी अथवा जाळी पसरणे, एवढ्यानेही काम भागते. माघात एखादा दिवस ठरवून गार्डास बोलावावे, हद्दीवरून त्याच्याबरोबर एकदा चालावे, कोणत्या बांधावर गवत उंच आहे व गेल्या साली आग कोठून शिरली ते पाहावे, आणि त्याचा दूरध्वनी क्रमांक देवळाच्या भिंतीवर ठळक लिहून ठेवावा.

इतके करूनही आग आलीच, तर चढावर तिच्या पुढे कधीही उभे राहू नये. जळून काळ्या झालेल्या बाजूने शिरून तिच्या दोन्ही कुशी हिरव्या डहाळ्यांनी झोडपीत तोंडाकडे जावे. अंगावर सुती कपडे असावेत, कृत्रिम धाग्याचे नसावेत. एकट्याने जाऊ नये, आणि परतीची वाट आधी पाहून ठेवावी. ज्वाला विझल्या म्हणजे माणसे घरी परततात, परंतु जुने खोड व ओंडके आतून दोनदोन दिवस धुमसत राहतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला, की त्यांतूनच आग पुन्हा उठते. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हे चढण्यापूर्वी, जळलेल्या भागाच्या कडेने एक फेरी घालावी. जेथे धूर किंवा ऊब जाणवेल तेथील लाकूड कडेपासून आत, काळ्या भुईवर ओढावे व त्यावर माती टाकावी.